वहिनींनी पाठ केलेला काल

माझ्या थोरल्या भावाची बायको वयानं माझ्यापेक्षा लहान आहे, पण नात्यानं मोठी. म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो आणि अहोजाहो करतो. त्याही मला भावजी म्हणतात आणि वेळ आली की कान उपटतात. भाऊ गेल्यापासून आम्ही एकाच इमारतीत राहतो. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. मी जन्मभर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासली. लिहिण्याशी माझा संबंध आला तो नंबर लिहिण्यापुरता. त्यामुळे हे कितपत जमेल कोण जाणे. पण वहिनींबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटतं, आणि दुसरं कुणी पुढे येताना दिसत नाही.

वहिनी सरकारी रुग्णालयात नर्स होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्या नोकरीत नव्या होत्या तेव्हाची एक गोष्ट त्यांनी मला सांगितली आहे. वॉर्डात रोगी फार आणि हात कमी, म्हणून बऱ्याच जणी फेरी सुरू करण्याआधीच सगळ्या तक्त्यांवर ‘औषध दिलं’ असं लिहून टाकत आणि मग गोळ्या वाटत निघत. एकदा असंच लिहून एक सिस्टर फेरीवर निघाली आणि मध्येच तिला कुणीतरी हाक मारून नेलं. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंना गोळी मिळालीच नाही. रात्रपाळीला आलेल्या वहिनींनी कागद पाहिला, त्यावर ‘दिलं’ असं होतं, म्हणून त्यांनीही दिली नाही. त्या बाई त्यातून वाचल्या, पण एक हात कायमचा लुळा पडला. चूक वहिनींची नव्हती, तरी तेव्हापासून जे झालं नाही ते झालं असं म्हणणं त्यांना जमतच नाही. लग्नघरी भूक नसली की लोक ‘जेवून आलो’ म्हणून सुटका करून घेतात. वहिनी ‘जेवले नाही, पण भूक नाही’ असं सांगतात आणि पानावर बसवल्या जातात.

आता मुद्द्याचं. माझी पुतणी, म्हणजे वहिनींची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर परदेशात गेली. तिकडे फ्रेंच बोलतात. मागच्या वर्षापासून तिच्या पाठीच्या मणक्यानं उचल खाल्ली आणि शेवटी शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्यानंतर बरेच महिने अंथरुणावर काढावे लागणार. नवरा मालाचा ट्रक चालवतो, चार-चार दिवस घरी नसतो. मुलगा लहान, आणि त्याला फ्रेंचशिवाय अक्षर येत नाही. वहिनींनी जावं हे उघडच होतं. पण एवढ्या मुक्कामाचा परवाना हवा तर फ्रेंचची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी असा तिकडचा नियम. शस्त्रक्रियेआधी परीक्षेची एकच तारीख मिळत होती. ती हुकली तर पुढची परीक्षा सगळं उरकल्यावर.

“लोकांच्या लेकींची शुश्रूषा केली आयुष्यभर,” वहिनी म्हणाल्या, “आणि माझ्या लेकीला पाणी कोण देणार, तर शेजारीण!” त्या दिवसापासून त्यांच्या झोपेचं खोबरं झालं आणि थोडंफार माझ्याही.

सायकलच्या दुकानाच्या वर एक शिकवणी होती. शिकवणाऱ्या मॅडम वहिनींच्या लेकीच्या वयाच्या, उत्साही, सतत खडूनं माखलेल्या. वहिनी आठवड्यातून तीनदा जायच्या आणि आल्या की माझ्या खोलीत बसून माझ्याकडून घोटून घ्यायच्या. मला फ्रेंच काही येत नाही. वहिनींनी पुस्तकात प्रत्येक शब्दाशेजारी पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिला होता. मी मराठी अर्थ वाचायचा, त्यांनी फ्रेंच म्हणायचं, आणि मी पेन्सिलीशी ताडून बघायचं.

सुरुवातीचं नाव-गाव-नमस्कार त्यांनी पटापट पचवलं. भूतकाळ आला आणि गाडी अडली. त्या भाषेत झालेली गोष्ट सांगायला आधी एक मदतनीस क्रियापद घ्यायचं आणि त्याच्यापुढे मूळ क्रियापदाचं ‘झालेलं’ रूप ठेवायचं. ती रूपं तीन साच्यांतून निघतात. मांजे म्हणजे खाल्लं, फिनी म्हणजे संपवलं, व्हांद्यू म्हणजे विकलं. शेवट ए, ई किंवा यू. इथपर्यंत ठीक. पण रोजच्या वापरातली निम्मी क्रियापदं साचा मोडून बाहेर पडलेली.

वहिनींनी त्यांचे वॉर्ड केले. “हे बघा भावजी, ‘ए’वाले म्हणजे जनरल वॉर्ड. खाटा भरलेल्या, जमिनीवरही गाद्या, पण सगळ्यांना एकच औषध. ‘ई’वाले शेजारच्या खोलीत, थोडेच. ‘यू’वाले त्यापलीकडे. आणि हे उरलेले अतिदक्षता विभागात. एकेकाकडे वेगळं बघायचं, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.”

“प्यायलं?” मी विचारायचो.

“ब्यू.”

“पाहिलं?”

“व्ह्यू.”

“जमलं?”

“प्यू.”

“वहिनी, हे चिमण्या हाकलल्यासारखं वाटतं.”

“तुम्ही बोट सरकवू नका. पुढचं विचारा.”

जाणं, येणं, पडणं, राहणं अशा थोड्या क्रियापदांना मदतनीसही वेगळा लागतो. त्यांना वहिनी बाह्यरुग्ण म्हणत, कारण ती सारखी ये-जा करतात. शिवाय बाई बोलत असेल तर त्यांच्या रूपाला लिहिताना शेवटी आणखी एक अक्षर चिकटतं. वर्गात बाकीचे यावर वैतागले. वहिनी मात्र घरी येऊन म्हणाल्या, “अहो, आपण तरी काय करतो? मी ‘गेले’ म्हणते, तुम्ही ‘गेलो’ म्हणता. पण खाण्याची वेळ आली की दोघंही ‘खाल्लं’. जाणारा बदलला की क्रियापद बदलतं, खाणारा बदलून काही होत नाही. इतकी वर्षं बोलतेय, कधी लक्षातच आलं नाही.” त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी हसू होतं. पण ‘गेले’ला फ्रेंचमध्ये ‘आले’ म्हणतात हे कळल्यावर ते मावळलं. “आले म्हणजे गेले! घाबरले की माझ्या तोंडून नेमकं उलटं निघणार, बघाच तुम्ही.”

आणि त्या घाबरत होत्या. रोज लेकीचा फोन यायचा. ती काही विचारायची नाही, पण तिचा आवाज कण्हणं दाबल्यासारखा यायचा आणि फोन ठेवल्यावर वहिनींना आलेलं सगळं विसरायला व्हायचं.

मॅडमनी मग तोडगा काढला. परीक्षक हमखास विचारतो, काल काय केलंत? तेव्हा एक ‘काल’ तयार ठेवायचा. मॅडमनी फळ्यावर तो लिहूनच दिला. काल मी लवकर कॉफी प्यायले. मी बस घेतली. मी तळ्यावर गेले. मी एक पांढरी बोट पाहिली. मी सफरचंद खाल्लं. मी मैत्रिणीची वाट पाहिली. ती आली. आम्ही बोललो, हसलो. मी घरी परतले. सगळे वॉर्ड त्यात येत होते, बाह्यरुग्णही. वर्गानं तो घडाघडा पाठ केला. वहिनींनीही केला. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

“मी कुठे गेले होते तळ्यावर?” त्या म्हणाल्या.

“वहिनी, ते नुसतं वाक्य आहे.”

“वाक्य कसलं? समोर बसलेला माणूस विचारणार, तुम्ही काल काय केलंत. मी, म्हणजे मी. आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, बोट पाहिली? माझी जीभ तिथेच अडकते. इथे बघा, आत्ताही अडकली.”

खरंच अडकत होती. ‘बस घेतली’पर्यंत त्या सुरळीत यायच्या आणि तळ्यापाशी ततपप व्हायचं. मॅडमनी समजावलं, मी समजावलं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला आणि तो ऐकून मी कपाळावर हात मारला. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या हे सगळं प्रत्यक्ष करणार होत्या. म्हणजे दुसऱ्या दिवशी तो काल खरा झाला असता.

“मैत्रीण कुठून आणणार?”

“थिएटरला सांगितलंय.”

थिएटर ही त्यांची जुनी जोडीदारीण. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळी नोकरी झाली म्हणून सगळ्याजणी तिला थिएटरच म्हणतात. एकटी राहते, तोंडाची फटकळ. ती फोनवर म्हणाली होती म्हणे, “येते, बोलते, पण हसायचं तुझं तू बघ. माझी दाढ दुखतेय.”

तर परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनींनी माझ्या खोलीवर थाप मारली. “भावजी, बूट घाला.” मला का, तर तळ्याच्या काठावर चक्कर आली तर कुणीतरी हवं. पाठात मी नव्हतो. मी आलो असं त्या सांगणार नव्हत्या, पण आलो नाही असंही म्हणणार नव्हत्या, त्यामुळे चालत होतं.

कॉफी झाली. बस झाली. बसमध्ये वहिनींचे ओठ सारखे हलत होते. तळ्याच्या थांब्यावर उतरलो आणि दोघंही जागच्या जागी उभे राहिलो. तळ्यात पाणीच नव्हतं. गाळ काढायला ते रिकामं केलं होतं. तळाशी काळा चिखल, त्यात दोन यंत्रं आणि कडेला कलंडलेली एक बोट. लाल.

“पांढरी नाही,” वहिनी पुटपुटल्या.

“बोट तर आहे.”

“लाल म्हणजे रूज. येतं मला.” त्यांनी पर्समधून सफरचंद काढलं. अर्धं मला दिलं, अर्धं खाल्लं आणि बाकावर बसून मैत्रिणीची वाट पाहू लागल्या.

थिएटर आली नाही.

आधी मला वाटलं, बस चुकली असेल. मग वाटलं, दाढ. वहिनी पर्समध्ये फोन शोधू लागल्या. त्यांनी फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चिखलातलं यंत्र घरघरत होतं आणि दर वेळी ते थांबलं की आम्ही दोघं रस्त्याकडे बघायचो. वहिनींच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. भाऊ आजारी असताना ती तशीच व्हायची.

“तिनं आयुष्यात कधी उशीर केला नाही,” त्या उठत म्हणाल्या. “थिएटरमध्ये उशीर करून चालत नाही. चला.”

तिचं घर जवळच होतं, शिंप्याच्या दुकानावर. दार बंद, बेल वाजते, आत हालचाल नाही. वहिनींनी दाराला कान लावला आणि एकदम खाली धावल्या. गुडघ्यांची तक्रार करणारी बाई ती, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. शिंप्याकडे जादा किल्ली होती. तो कुलपाशी धडपडत होता म्हणून वहिनींनीच ती हिसकून घेतली आणि दार उघडलं.

थिएटर न्हाणीघराच्या दारात पडली होती. एक पाय विचित्र वळलेला, चेहरा पांढराफटक, पण शुद्धीवर.

“या, या,” ती दातांवर दात दाबून म्हणाली. “मला वाटलं, आता बोटीत बसूनच येताय.”

“हलू नकोस.”

“हलता आलं असतं तर तळ्यावर नसते का आले?”

वहिनींनी तिच्याजवळ बसून नाडी पाहिली, पाय न हलवता दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, मला रुग्णवाहिकेला फोन करायला लावलं. फोनवर बोलायचं मला जमत नाही. मी पत्ता सांगताना अडखळलो, तेव्हा जमिनीवरून थिएटर ओरडली, “शिंप्याच्या वर म्हणा! नवरदेवासारखे लाजता काय!”

खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही रुग्णालयातच होतो. तिला खाट मिळाली, इंजेक्शन मिळालं आणि थोडं बरं वाटल्यावर ती वहिनींना म्हणाली, “उद्या खुशाल सांग, मी आले होते. माझी परवानगी आहे.”

“तू आली नाहीस.”

“अगं, मी ‘आले’ म्हणतेय, म्हणजे झालं.”

“झालं नाही.”

“बाई, लेकीचं ऑपरेशन आहे तुझ्या! माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी बोल एवढं.”

वहिनींनी तिच्या पांघरुणाची कड नीट केली आणि आम्ही निघालो.

बसमध्ये दिवे लागले होते. वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, “‘पडली’ येतं. तोंबे. ‘मोडलं’ येत नाही. ‘किल्ली’ शिकवली होती, आठवत नाही. ‘उघडलं’ अतिदक्षतावालं आहे, ते नेमकं निसटलंय.” मग माझ्याकडे वळून, “रुग्णवाहिकेला तिकडे काय म्हणत असतील हो?”

घरी आल्यावर त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. “सिस्टर, प्लीज. हात जोडते. पाठ केलेलंच म्हणा. नवीन काही बोलायला जाल आणि मध्ये अडकाल. तो माणूस पडताळून बघायला तळ्यावर जाणार आहे का?”

फोन ठेवून वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला पुतणी दिसत होती, अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्या शेजारी तो एवढासा पोरगा. मी म्हणालो, “मॅडम बरोबर सांगतायत. ती आली असं म्हणा, वहिनी. कुणाचं काय बिघडतं?”

“कुणाचं बिघडत नाही,” वहिनी हळूच म्हणाल्या. “मला ते म्हणता येत नाही, भावजी. मी मोठी सत्यवचनी म्हणून नव्हे. लहानपणी पाल पाहिली की माझा पाय उचलायचा नाही, तसं होतं. उद्या तिथे तसंच झालं तर?”

त्यांनी पुस्तक उघडलं, बंद केलं, आणि त्या वर गेल्या.

परीक्षा एका जुन्या कार्यालयात होती. लांब पॅसेज, भिंतीला लावलेली बाकं, टोकाला बंद दार. वहिनींच्या वर्गातली बरीच मंडळी होती. त्यांतला एक हॉटेलात स्वयंपाकी होता, अंगानं आडवा, जिभेनं सैल. तो वहिनींच्या आधी आत गेला आणि घामाघूम होऊन बाहेर आला.

“सिस्टर, घोटाळा आहे,” तो कुजबुजला. “मी तळं म्हटलं आणि त्यानं डोळेच मिटले. माझ्या आधीच्या तिघांनीही तळंच सांगितलंय ना! पांढरी बोट म्हटल्यावर हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाला, तुमच्या स्वयंपाकघराबद्दल बोला. मी कांदा, बटाटा, सुरी, जे आठवलं ते फेकलं.”

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या माझा हात धरून म्हणाल्या, “माझंही तळंच आहे. मी तर खरंच गेले होते!” तेवढ्यात आतून त्यांना बोलावलं. दार लागलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काहीच बघितलं नाही.

आत काय झालं ते वहिनींनी त्याच दुपारी थिएटरला सांगितलं, तेव्हा मी खाटेशी उभा होतो. तिनं जसं खोदून खोदून विचारलं तसंच लिहितो.

“म्हातारा होता. मोठा. चष्मा नाकाच्या टोकावर.”

“चष्म्याचं या भावजींना सांग. पुढे?”

“विचारलं, काल काय केलंत. मी म्हटलं, कॉफी प्यायले, बस घेतली. ज स्वी आले, तळ्यावर गेले. त्यानं पेन खाली ठेवलं.”

“मेलीस.”

“मी म्हटलं, झे व्ह्यू अँ बातो रूज. लाल बोट पाहिली. त्यानं मान वर केली. ‘रूज?’ मी म्हटलं, हो, लाल, आणि पाणी नाही. तळ्यात पाणी नाही. त्यानं पेन उचललं. म्हणाला, बाकीच्यांनी तर काल पाण्यात पांढरी बोट पाहिली.”

“अगं बाई! सगळ्यांना पकडून दिलंस की.”

“मला दरदरून घाम फुटला. सांगायला शब्द कुठे होते? मी म्हटलं, मला माहीत नाही, मी लाल पाहिली. तो इतका हसला की चष्मा पडला. म्हणाला, ‘मादाम, ही भाषेची परीक्षा आहे, पोलीस चौकी नाही.’ भाषा आणि पोलीस एवढंच कळलं, बाकीचं ताडलं. मग म्हणाला, पुढे.”

“पुढे मी.”

“पुढे तू. म्हटलं, मैत्रिणीची वाट पाहिली, मैत्रीण आली नाही. मोनामी ने पा व्हन्यू. तिथे माझं पाठांतर संपलं. तो नुसता बघत होता. मी म्हटलं, फोन केला. तिच्या घरी गेले. दार उव्ह्री. तो म्हणाला, उव्हेर. मी म्हटलं, उव्हेर. ती पडली, तोंबे. मोडलं हे येत नव्हतं, म्हणून उभी राहून माझ्याच खुब्यावर हात मारला आणि टेबलावरची पेन्सिल मोडायचा आव आणला.”

“मोडली?”

“मोडेन कशी? त्याची होती. तो म्हणाला, कासे. मी म्हटलं, कासे. तेवढ्या गडबडीतही मनात आलं, हे जनरल वॉर्डातलं निघालं. मग त्यानं विचारलं, मैत्रीण रडली का? मी म्हटलं, नाही, ती वाईट शब्द बोलली.”

थिएटर हसली आणि लगेच कळवळली. “हसवू नकोस, हाड हलतं. वाईट शब्द कोणते, विचारलं असेल त्यानं.”

“विचारलं. म्हटलं, ते शिकवणीत शिकवले नाहीत.”

पण हे सगळं नंतरचं. वहिनी परीक्षेतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी काही विचारायचं धाडस केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “बिघडवलं सगळं. प्रत्येक वाक्यात अडखळले. ‘आले’च्या जागी दोनदा मराठी ‘गेले’ म्हटलं. तो हसला, म्हणजे काय समजायचं?” निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर लागणार होता. आम्ही बाकावरच बसून राहिलो. वहिनी पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. मध्येच लेकीचा फोन आला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो वाजू दिला. एवढ्या काळात लेकीचा फोन न घेतल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

कारकुनानं कागद आणून फळ्याला टाचले तेव्हा सगळे तिकडे धावले. वहिनी उठल्याच नाहीत. “तुम्ही बघा. तुम्हाला जवळचं नीट दिसतं.”

मी गर्दीत घुसलो. घुसण्याची मला सवय नाही, कुणाच्या तरी कोपरानं चष्मा वाकडा झाला. वहिनींचं नाव यादीत बरंच खाली होतं. त्यापुढे गुण होते, लागतात त्याहून जेमतेम वर, आणि त्यापुढे ‘उत्तीर्ण’. मी ते तीनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं. मग परत आलो, आणि तोंडातून शब्द फुटेना म्हणून नुसती मान हलवली.

“कशी हलवताय? आडवी की उभी?” वहिनी ओरडल्या. “नीट सांगा हो!”

“पास.”

त्यांनी डोळे मिटले. स्वयंपाकी शेजारी येऊन म्हणाला की तोही पास, पण वर्गातली एक नुकतीच लग्न झालेली मुलगी नापास झाली. वहिनींचे डोळे ताडकन उघडले. “माझ्यामुळे? मी लाल बोट म्हटलं म्हणून?”

“सिस्टर, ती सगळ्यांत आधी आत गेली होती. तुम्ही तेव्हा बसमध्येच होतात, तुमच्या बोटीसकट,” तो म्हणाला. तरी वहिनी त्या मुलीजवळ जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

तिथून आम्ही थेट रुग्णालयात गेलो. लेकीला फोन तिथूनच लावला. वहिनींनी नंबर फिरवला आणि पलीकडून ‘आई?’ असा आवाज येताच फोन माझ्या हातात कोंबला. “तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं बोलवत नाही.”

“तुझी आई पास झाली,” मी म्हणालो.

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. “काका, खरं ना? तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“पाहिलं.”

“मग ती ऑपरेशनच्या आधी पोचेल ना?”

परवान्याचा शिक्का बाकी होता, तिकीट बाकी होतं. “प्रयत्न करतोय,” मी म्हणालो. तेवढ्यात खाटेवरून थिएटरनं फोन खेचला. “ऐक गं! तुझ्या आईला मी पास केलंय. माझं हाड मोडलंय त्यासाठी. तिला तिकडे नीट ठेव, आणि आली की तिच्याशी मराठीत बोल, बिचारी दमलीय.”

फोन संपला. वहिनी थिएटरकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. हिला आता महिनाभर तरी कुशीवर वळवायला, उठवायला, पाणी द्यायला कुणीतरी लागणार. हिला लेक नाही.

“माझ्याकडे बघू नकोस तशी,” थिएटर म्हणाली. “रुग्णालयातल्या मुली आहेत.”

“एकेका मुलीच्या वाट्याला खाटा किती, माहीत आहे मला.”

मी म्हणालो, “मी येईन की.” बोलून गेलो आणि लगेच कान तापले. मला कुणाची सेवा करता येते असं मी कधी ऐकलेलं नाही, भावाच्या आजारपणातही मी औषधांच्या दुकानातच जास्त असायचो. थिएटरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“या चष्मेवाल्याच्या हाती देतेस मला? हे भिंग समजून घासतील.”

“शिकतील,” वहिनी म्हणाल्या, आणि पदर खोचून खाटेच्या या बाजूला आल्या. “भावजी, इकडे या. अजून जायला थोडे दिवस आहेत माझे. डावा हात खांद्याखाली. नाही, एवढा वर नाही. उजवा कमरेच्या वर, मोडलेल्या बाजूला हात लागता कामा नये.”

मी हात पुढे केले.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “आधी तिला सांगा, तुम्ही काय करणार आहात. न सांगता रोग्याला हात लावायचा नाही.”

मी थिएटरला सांगितलं की मी आता तिला वळवणार आहे.

“सावकाश,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.